मौखिक इतिहास परिषदेची सांगलीवारी

यंदाची मौखिक इतिहासाची वार्षिक परिषद सांगलीला घ्यायची, हे ठरायला वेळ लागला नाही. विषय काय ठेवायचा यावर मात्र महिनाभर फोनाफोनी चालली होती. सांगली म्हटलं की पत्री सरकार, असं निम्म्या मंडळींचं म्हणणं. 1943 ते 1946 या काळात कृष्णाकाठच्या गावांनी इंग्रजांचा अंमल झुगारून स्वतःचा कारभार चालवला, न्यायदान मंडळं भरवली, कमी खर्चाची गांधी लग्नं लावली; हे सगळं आईबापांच्या तोंडून ऐकलेली माणसं अजून हयात आहेत, मग दुसरं काही कशाला? उरलेल्यांचं म्हणणं असं की, याच जिल्ह्यात महापूर आहे, दुष्काळ आहे, देशभर पांगलेले सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आहेत, हळद साठवायची जमिनीतली पेवं आहेत, आणि यातलं फारच थोडं कुणी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवलंय.

मी दुसऱ्या बाजूची होते आणि त्याला कारण पत्री सरकारच होतं. त्यातले जी. डी. बापू लाड 2011 मध्ये गेले, नागनाथअण्णा नायकवडी 2012 मध्ये, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई 2021 मध्ये आणि तुफान सेनेचे, म्हणजे पत्री सरकारच्या लढाऊ दलाचे, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. या चौघांच्या आठवणी निदान कुणीतरी टिपून ठेवल्या. त्यांना लपवणाऱ्या, भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या घराघरांतल्या बायकांच्या कुणी घेतल्या? मोठ्या नावाच्या माणसाकडे सगळे जातात. त्याच्या शेजारच्या घरात कुणी जात नाही.

शेवटी दोन्ही विषय घेतले आणि त्याबरोबर तीन नियम केले. पहिला, निबंध वाचायचा नाही. वीस मिनिटांतली सात मिनिटं तरी मूळ आवाज ऐकवायचा. दुसरा, ज्याचा आवाज ऐकवायचा तो माणूस शक्य असेल तर व्यासपीठावर हवा, आणि त्याला अभ्यासकाइतकंच मानधन आणि जाण्या-येण्याचा खर्च. तिसरा, एक दिवस सभागृहात न बसता गावात घालवायचा आणि तिथे घेतलेल्या मुलाखती तिथल्याच लोकांना ऐकवायच्या. दुसऱ्या नियमापायी एक देणगी गेली. देणगीदारांना मानधन फक्त पदवीधर वक्त्यांना द्यायचं होतं. आम्ही नको म्हटलं. त्याबद्दल मला आजही समाधान वाटतं.

अशी परिषद भरवणाऱ्यांना एक सांगते: तारीख ठरवताना गावाची कामं आधी विचारा. दिवाळीत माणसं घरी असतात पण त्यांना सवड नसते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली कुणी दोन तास बोलू शकत नाही. पावसाळ्यात कृष्णा काय करेल याचा नेम नाही. आम्ही संक्रांतीनंतरचा आठवडा धरला. थंडी असते, आकाश स्वच्छ असतं आणि शेतात हुरडा आलेला असतो.

जाण्याचा दिवस

पुण्याहून कोयना एक्स्प्रेसने निघालो. साताऱ्याच्या पुढे खिडकीतून उसाशिवाय दुसरं काही दिसत नाही. कराड सोडलं की शेणोली येतं. 7 जून 1943 ला तुफान सेनेने पुण्याहून मिरजेला पगाराची रक्कम घेऊन चाललेली गाडी इथेच अडवली. रुळांजवळ छोटंसं स्मारक आहे, ते नजरेच्या टप्प्यात येण्याआधीच मागे पडलं. पुढचं स्टेशन भवानीनगर. इथल्या पोलीस ठाण्यासमोर हौसाताईंनी नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग वठवलं, पोलीस मारहाण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. त्यांनी स्वतः नव्वदी ओलांडल्यावर हे सांगितलं होतं, आणि सोबत्याने मार खोटा वाटू नये म्हणून किती जोरात मारलं तेही. कागदोपत्री इतिहासात हा मार कुठून येणार?

समोरच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ होते. कानपूरला गलाईचं दुकान, गाव बलवडीच्या बाजूला. जुनं सोनं-चांदी वितळवून, शुद्ध करून देण्याचा हा धंदा. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या हजारो घरांतला कुणी ना कुणी त्यापायी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत गेलेला आहे. मी परिषदेचं सांगितल्यावर त्यांनी आधी पिशवीतली पेरूची फोड पुढे केली आणि मग बोलायला लागले.

"अकरा वर्साचा व्हतो. मामानं नेलं. पयलं वरीसभर भात रांधायचा, भांडी घासायची, दुकान झाडायचं. मूस हातात कुनी देतंय का लगेच?"

पहिल्यांदा मूस चिमट्यात धरून भट्टीतून काढली तेव्हा हात थरथरला, तो मामाने मागून धरला, असं सांगताना त्यांनी स्वतःचं उजवं मनगट डाव्या हाताने धरून दाखवलं. पुढे बलवडीचा बळीराजा बंधारा कसा झाला ते ओघाने आलं. गिरण्यांचा 1982 चा संप झाला, मुंबईतली माणसं गावी परतली, दुष्काळ होताच. लोकांनी येरळा नदीची वाळू विकून पैसा उभा केला आणि बंधारा बांधला. "मी कानपुरात. बा चिठ्ठी लिहायचा, आज एवढं काम झालं, आज तेवढं. चिठ्ठ्या हायत अजून." किर्लोस्करवाडीला उतरताना ते म्हणाले, "चिठ्ठ्या बघायला या. पर जत्रंला या, तवा समदं गाव असतंय."

सांगली आली तेव्हा अंधार पडला होता. स्टेशनवरून रिक्षाने गावात आलो. मुक्कामाच्या ठिकाणी आधी पोचलेल्यांनी भडंगाचं पुडकं फोडलेलंच होतं.

पहिला दिवस

पहाटे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर गेलो. 1929 मध्ये बांधलेला हा दगडी पूल सांगलीकरांसाठी पूल कमी आणि मोजपट्टी जास्त आहे. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. पाणी मोजायचं ते इथे. धुकं एवढं की पात्र दिसत नव्हतं, घाटाकडून कुणाच्या तरी अंघोळीचा आणि स्तोत्राचा आवाज तेवढा वर येत होता. गणपती मंदिरात दर्शन घेऊन नऊला सभागृहात हजर.

उद्घाटनाचं भाषण दहा मिनिटांत आटोपलं, कारण ते दहाच मिनिटांचं ठेवायचं असं आधीच बजावलं होतं. पहिलं सत्र महापुराचं. सांगलीतल्याच एका विद्यार्थिनीने नदीलगतच्या वस्तीत राहणाऱ्या मावशींची मुलाखत घेतली होती. मावशी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, पदर सावरत, समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत.

मुलाखतीत मुलगी तारखा विचारते आणि मावशी फूट सांगतात. "बेचाळीसला गल्लीच्या तोंडाशी. चव्वेचाळीसला उंबऱ्याला. सत्तेचाळीसला चूल." सांगलीत दोन अनोळखी माणसं भेटली की घर कुठे या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: तुमच्यात किती फुटाला येतं? 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मावशींच्या हिशेबात त्या आकड्याला घरातलं काहीच नाही. "सत्तावन्नला आमी न्हवतोच."

मग सामान हलवायचा क्रम आला. आधी गहू-तांदळाचे डबे माळ्यावर. मग सिलिंडर. मग पोरांची दाखल्यांची पिशवी. मग अंथरुणं. "देव शेवटाला. देव हलिवलं की घर सोडलं." एवढं बोलून टेपमधल्या मावशी थांबतात, बराच वेळ, आणि मुलाखत घेणारी मुलगी त्या शांततेत काहीही विचारत नाही. या मुलीला उत्तम मुलाखतकार म्हणायला मला तेवढी शांतता पुरे आहे. अनुभवी माणसंही तिथे घाईने पुढचा प्रश्न टाकतात.

चर्चेत एका प्राध्यापकांनी हरकत घेतली. टेपमध्ये मावशी 2005 च्या पुरात गल्लीत बोट आल्याचं सांगतात; त्याच गल्लीतल्या इतरांच्या मते बोट आली ती 2019 ला. अशी चूक असलेली मुलाखत पुरावा म्हणून कशी धरायची? रास्त प्रश्न होता. दुसऱ्या एकाने इटलीतल्या तेर्नी शहराचा दाखला दिला. 17 मार्च 1949 ला लुईजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीबारात मेला. पुढे मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेली यांनी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी ही घटना 1953 ची म्हणून सांगितली, म्हणजे कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर माणसं काढून टाकली त्या वर्षाची. पोर्तेलींनी ती चूक दुरुस्त करून फेकून दिली नाही. त्या मृत्यूला गावाने कुठल्या दुःखाशी बांधलं, हे त्यांना त्या चुकीतूनच कळलं.

चर्चा अशी इटलीपर्यंत पोचली असताना मावशींनी माईक मागितला.

"बोट नंतरच्या पुरात आली, हे म्हणत्यात तेच बरोबर. पर दोन्ही येळंला मी त्याच माळ्यावर बसलेली. तीच खिडकी, तेच पानी. मला बसल्या जागी ते एकच वाटतंय."

सभागृहात क्षणभर कुणी बोललं नाही आणि मग प्राध्यापकांनीच पहिली टाळी वाजवली. मावशी घरी राहिल्या असत्या तर आम्ही तासभर त्यांच्याबद्दल वाद घातला असता आणि हे वाक्य आम्हाला मिळालं नसतं. सांगणारा माणूस व्यासपीठावर हवा, या आग्रहाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

जेवणात शाळूची भाकरी, खर्डा आणि कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत होतं. पानशेत, बीड, धुळ्याची मंडळी भाकरीवर भाकरी मागून घेत होती.

दुपारी कोयनेच्या भूकंपावर एक सादरीकरण झालं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. तेव्हा शाळकरी असलेल्या गृहस्थांना सर्वांत स्पष्ट आठवतो तो गोठ्यातल्या गुरांचा आवाज, जमीन हलण्याआधीचा. धरणाने आधी गाव उठवलं, भूकंपाने नंतर घर पाडलं, आणि पुनर्वसनात माणसं पार सोलापूर, रायगडपर्यंत विखुरली. त्यामुळे एका गावाच्या आठवणी गोळा करायच्या तर चार जिल्हे फिरावं लागतं. हे काम करणारे दोघं जण नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी करतात.

मुलाखती घेणाऱ्यांसाठी थोडं: खोलीतला पंखा बंद करा, फ्रिजचा आवाज येत असेल तर घरच्यांना विचारून तोही, आणि निघताना आठवणीने दोन्ही चालू करून द्या. एमपीथ्रीत घेऊ नका, वेव्ह फाइल ठेवा. फाइलच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. पूर आलेल्या शहरात हा शेवटचा मुद्दा कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आणि एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला सहा ते आठ तास लागतात, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा.

दुसरा दिवस

सकाळचं सत्र संमतीपत्रावर होतं. कंटाळवाणं होईल अशी मला धास्ती होती. ते सगळ्यात जास्त रंगलं. जत भागात काम करणाऱ्या एकीने सुरुवात केली. तिकडे घरात कन्नड, बाजारात मराठी. तिने छापील मराठी संमतीपत्र पुढे केलं की आजीबाई अंगठा आखडून घ्यायच्या. कागदावर अंगठा म्हणजे जमीन गेली, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव, आणि तो खोटा नाही. मग तिने कागद बाजूला ठेवला आणि संमती त्यांच्याच भाषेत तोंडी, टेपवरच घ्यायला सुरुवात केली. तीही दोनदा: एकदा बोलण्याआधी आणि एकदा आपलं बोलणं स्वतः ऐकल्यावर. दुसऱ्या वेळी काही जणी म्हणतात, भावकीतलं ते तेवढं काढा. ती काढते.

हे ऐकून मागच्या रांगेतला एक तरुण उठला. असं काढत बसलो तर इतिहासात उरेल काय, असा त्याचा प्रश्न. त्यावर बराच वेळ घासाघीस झाली. माझं मत सांगते. आजी उद्या सकाळी त्याच गल्लीत पाणी भरायला जाणार आहे, आपण गाडीत बसून निघून जाणार आहोत. काय उघडं ठेवायचं हे तिनेच ठरवावं. काढलेला भाग नष्ट न करता तिने सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवता येतो. नाव द्यायचं की नाही, कुणी ऐकायचं, आणि पुढे मन बदललं तर सांगायचं कुणाला, हे तीन प्रश्न साध्या बोलीत विचारले की झालं. आम्ही त्याच दुपारी तसा एक मसुदा तयार केला आणि त्याची कन्नड प्रतही करून घेतली.

पुढचं सत्र जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या कामाची ओळख करून दिल्यावर शिराळा तालुक्यातल्या एका आजींना गायची विनंती केली. त्यांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. मग उजवी मूठ टेबलावर टेकवली, नसलेला खुंटा धरला आणि हात गोल फिरवायला लागल्या. ओवी सुरू झाली ती पंधरा-वीस मिनिटं थांबली नाही. मी पहिल्या रांगेत होते. त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागत होत्या आणि प्रत्येक ओळ त्या आवाजावर संपत होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने बांगड्यांचा आवाज येतोय म्हणून हात वर केला, तर बाजूच्या बाईंनी त्याचा हात हळूच खाली केला.

संध्याकाळी हरिपूरला गेलो. सांगलीपासून अगदी जवळ, रिक्षा सहज मिळते. कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. आम्हाला मात्र पेवं बघायची होती. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद वर्षानुवर्षं साठवली जायची ती हरिपूरच्या मातीत खोदलेल्या पेवांत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. पेवात उतरण्याचं काम तरुणपणी केलेले एक काका संगमावर भेटले. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. "कंदील इझला की मानूस बी इझनार." आत उतरल्यावर डोक्यापासून पायापर्यंत पिवळं व्हायचं आणि घरी गेल्यावर बायको दारातच कपडे काढून घ्यायची. 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि हळद गेली. आता माल शीतगृहात जातो. काकांनी आम्हाला एका पेवाचं तोंड दाखवलं. वर फरशी टाकलेली, तिच्यावर शेळी बांधलेली. त्यांची सविस्तर मुलाखत आजवर कुणी घेतली नव्हती. आमच्यातल्या सांगलीच्या एकीने तिथेच पुढच्या रविवारची वेळ ठरवली.

हरिपूरला जाणार असाल तर उन्हं कलायच्या आधी पोचा. घाटावर डास फार आहेत, अंग झाकणारे कपडे घाला.

तिसरा दिवस

गावचा दिवस. कुंडलच्या अलीकडचं एक गाव, नाव गावकऱ्यांच्या सांगण्यावरून देत नाही. सकाळी सातला येणारी गाडी आलीच नाही. चालकाचा फोन बंद. स्थानिक मंडळींनी तासाभरात दोन जीप जमवल्या. पुढे कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, तिथे अर्धा तास गेला. हंगामात या भागात फिरायचं तर घड्याळात तेवढी मोकळीक ठेवाच. पलूस मागे टाकल्यावर रस्ता मोकळा झाला. सागरेश्वराचा डोंगर दिसायला लागला तशी थंडीही कमी झाली.

देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. इथल्या मुलाखती पावसाळ्याआधी घेतल्या होत्या, त्या ऐकवायला आम्ही आलो होतो. पुरुष खांबांना टेकून, बायका एका बाजूला, पोरं पायऱ्यांवर.

पहिली टेप एका नव्वदीच्या आजोबांची. चळवळीच्या काळात ते लहान होते. उसाच्या फडात लपलेल्या कार्यकर्त्यांना भाकरी कोण पोचवायचं, तर "आमी पोरं पोचवायचो," असं ते सांगतात. एवढं ऐकलं आणि बायकांच्या बाजूने आवाज आला.

"पोरं कशाची? भाकरी आमी न्ह्यायचो."

या आजी त्याच वयाच्या, जराशा थोरल्याच. टेप थांबवली, आणि त्या बसल्या जागेवरून सांगत राहिल्या. आई पहाटे भाकरी थापायची. पाटीत खाली भाकरी, वर फडकं, फडक्यावर शेणकुटं. "वाटंला पोलीस बसलेलं असायचं. शेनाच्या पाटीला कोन हात लावतंय?" पाटी बांधाला ठेवायची, मागे वळून बघायचं नाही, संध्याकाळी रिकामी पाटी तिथेच मिळायची. एकदा पाटीत शेवग्याच्या शेंगा आल्या होत्या. कुणी ठेवल्या ते कधी कळलं नाही. आईने त्यांचं कालवण केलं आणि पोरींना बजावलं की शेंगा कुठल्या असं कुणी विचारलं तर मामाच्या म्हणायचं.

मी त्यांना विचारलं, हे आधी कुणाला सांगितलं होतंत का? त्या म्हणाल्या, "इचारलंच कुनी? माणसं यायची ती ह्यांच्याकडं जायची." आजोबा खांबाला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "आमी पोरं बी न्ह्यायचो. पर ह्या म्हनत्यात ते खरं हाय. माझी भन बी जायची." बहिणीचा उल्लेख त्यांच्या दीड तासाच्या मुलाखतीत एकदाही आलेला नव्हता.

आम्ही तिथल्या तिथे रेकॉर्डर लावला. पुढचे दोन तास कुणीही कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिलं नाही. एक बाई आईकडून ऐकलेलं सांगायच्या, दुसरी त्यात भर घालायची, तिसरी खोडून काढायची. एका टेपवर मागच्या दिवाळीत वारलेल्या एका आजींचा आवाज होता. त्यांच्या सुनेने तो ऐकला, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "परत लावा." आम्ही परत लावली. नातवंडांनी मोबाइलवर घेऊन ठेवली. ही टेप आमच्या संगणकातच राहिली असती तर वर्षभरात चार-पाच अभ्यासकांनी ऐकली असती. तिला खरा श्रोता या मंडपात मिळाला. मुलाखत घेणं हे निम्मंच काम आहे, असं मी वर्षानुवर्षं बोलत आलेय. ती परत नेऊन ऐकवण्यासाठी वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर ते राहूनच जातं.

जेवण शेतात होतं. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक, आणि नंतर पिठलं-भाकरी. हुरडा भाजणाऱ्या दादांनी आगटीपाशी बसवून घेतलं आणि कणीस हातावर चोळून दाणे कसे सोडवायचे ते शिकवलं. तळहात दोन दिवस भाजल्यासारखा लागत होता. जाणाऱ्यांनी पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवाव्यात आणि जेवणाचे पैसे देऊ करून यजमानांना अवघडवू नये. आम्ही त्याऐवजी गावच्या वाचनालयासाठी कपाट दिलं. सगळ्या मुलाखतींची एक प्रत आता त्या कपाटात आहे, सोबत उतरवून काढलेले कागदही, मोठ्या टायपात.

चारच्या सुमाराला मंडपात परत जमलो तो पुढचं ठरवायला. पुढच्या वर्षीची परिषद साताऱ्याकडे, वडूजच्या परिसरात घ्यावी असं बहुतेकांचं मत पडलं. 1949 पर्यंत यातला बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात होता, त्यामुळे इथल्या कहाण्यांचे धागे तिकडे जातातच. आणि गावचा दिवस शेवटी न ठेवता पहिला ठेवायचा, म्हणजे गावात ऐकलेलं घेऊन सभागृहात जाता येईल. याला कुणाचाच विरोध नव्हता.

आम्ही जीपकडे निघालो तेव्हा शेणकुटांच्या पाटीवाल्या आजींच्या सूनबाई मागून आल्या. "ताई, आमच्या आळीत अजून चौघीजणी हायत. दोघींना कमी ऐकू येतंय, पर बोलत्यात चांगल्या. त्यांचं कवा घेनार?" पलूसच्या महाविद्यालयातल्या दोन मुली आमच्याबरोबर होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं, फोनमधलं कॅलेंडर उघडलं आणि रविवारी सकाळी दहाची वेळ दिली. सूनबाई म्हणाल्या, "दहाला नको, धुणं असतंय. दुपारी जेवायलाच या." रेकॉर्डर आणि दोन्ही माईक आम्ही त्या मुलींकडे ठेवले आणि किर्लोस्करवाडीचा रस्ता धरला.